आवाज ही अमानत

रमजानमध्ये तरावीहची नमाज आटोपली की अनेक घरांत मोबाईल समोर ठेवून नात म्हणण्याची तयारी सुरू होते. अल्लाहची स्तुती म्हणजे हम्द आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या गौरवाचे काव्य म्हणजे नात. पूर्वी ती मिलादच्या मजलिशीत, सहेरीला जागवत फिरणाऱ्यांच्या तोंडून ऐकू यायची. आता घरीच रेकॉर्ड होऊन ती व्हॉट्सअॅपवर फिरते. हौस चांगलीच, पण दिवसभर कोरड्या राहिलेल्या गळ्यावर जोर दिला, तर ईद मुबारक म्हणायलाही आवाज उरत नाही.

पाणी स्वरतंतूंवरून जात नाही, ते अन्ननलिकेतून जाते. शरीरात मुरल्यावरच गळ्याला ओलावा मिळतो. म्हणून इफ्तारला एकदम पोटभर सरबत पिण्यापेक्षा सहेरीपर्यंत थोडे थोडे पाणी घ्यावे. इफ्तारनंतर लगेच गाऊ नये; भरल्या पोटी श्वास खोल उतरत नाही. तरावीहनंतरची वेळ बरी. तळलेले, तिखट खाऊन किंवा सहेरी करून लगेच आडवे झाल्यास आम्ल वर येऊन घसा बसू शकतो. गाण्याआधी पाच-दहा मिनिटे ओठ मिटून हळू गुणगुणावे. सारखे खाकरू नये. घोटभर पाणी प्यावे.

नात बहुधा वाद्यांशिवाय म्हटली जाते. त्यामुळे सूर कुठे घसरला ते झाकायला काही नसते. यावर उपाय आपल्याच महाराष्ट्रात आहे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर तिथल्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारातच विसावले. त्याच मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. घरी तानपुरा नसला तरी मोबाईलवर त्याचे अॅप मिळते. सराव करताना तो लावावा, रेकॉर्डिंगच्या वेळी बंद ठेवावा. नात संपताच पुन्हा लावला, की आपण त्याच सुरावर आहोत का, ते लगेच कळते.

पट्टी मात्र आपली हवी. नामवंत नातख्वाँच्या उंच पट्टीत गाण्याच्या नादात मुले गळा ताणतात. आवाज फुटण्याच्या वयात तर हे टाळलेच पाहिजे. सर्वांत वरची ओळ न ओरडता म्हणता आली, तीच आपली पट्टी. घोगरेपणा दोन-तीन आठवडे टिकला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.

कुरआन पठण म्हणजे गाणे नव्हे. पण त्यासाठी शिकवली जाणारी तजवीद इथेही उपयोगी पडते. कुठले अक्षर मुखाच्या किंवा कंठाच्या कुठल्या भागातून निघते, स्वर किती लांबवायचा, कुठे थांबायचे, हे ती शिकवते. मराठी जिभेला ‘क’ आणि ‘क़’, ‘ख’ आणि ‘ख़’ वेगळे म्हणायला सराव लागतो. श्वास कुठे घ्यायचा, तेही कागदावर खुणा करून आधीच ठरवावे. अर्थ तुटेल तिथे श्वास तोडू नये.

रेकॉर्डिंगसाठी महागडा माइक लागतोच असे नाही. रिकाम्या, फरशीच्या खोलीत आवाज घुमतो; गाद्या, रजया, पडदे असलेली खोली निवडावी. पंखा बंद, मोबाईल एअरप्लेन मोडवर. फोन तोंडापासून वीतभर आणि किंचित बाजूला ठेवला, की ‘प’, ‘फ’ म्हणताना फुंकर आदळत नाही. वरच्या सुरांना थोडे मागे सरकावे. मग हेडफोनवर ऐकावे आणि एका वेळी एकच चूक सुधारावी.

पहिल्या अजानसाठी हजरत बिलाल (र.) यांची निवड झाली, ती त्यांचा आवाज सरस होता म्हणून. गुलामीतून आलेल्या माणसाचा तो सन्मान होता. चांगला आवाज ही अल्लाहची देणगी, तशीच अमानतही. ती दिखाव्यासाठी उधळू नये, हेही रोजा शिकवतो. रेकॉर्डिंगला किती लाइक आले हे मोजण्याआधी घरातल्या आजीला शेजारी बसवावे. तिच्या आठवणीतली एखादी जुनी नात तिच्याच आवाजात टिपून ठेवावी. कापरा असला तरी तो आवाज पुढच्या रमजानमध्ये घरातल्या साऱ्यांना हवा असेल.