दोन प्रोग्रॅम, एक केळीबाग

समजा, रावेर-यावल पट्ट्यातली एक केळीबाग लॅपटॉपच्या पडद्यावर उभी करायची आहे. खोडं, पानं, वाऱ्याने हलणाऱ्या सावल्या, ठिबकच्या नळ्या आणि एकेक व्हॉल्व्ह. हे चित्र गेम इंजिनात छान उभं राहतं. युनिटी, अनरिअल किंवा फुकट आणि खुला असलेला गोडो ही साधनं त्यासाठीच घडवलेली आहेत. पण कुठल्या व्हॉल्व्हखालच्या मातीत किती ओल आहे, आज बाष्पीभवन किती झालं, उद्या पाणी किती वेळ सोडायचं, हा हिशोब गेम इंजिनावर लादू नये. तो पायथनमध्ये लिहिलेल्या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये केलेला बरा, म्हणजे शेतीचा अभ्यासक तो वाचू शकतो, ताडून पाहू शकतो, चुकला तर दुरुस्त करू शकतो. जळगाव-धुळ्यातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला एवढं करायला साधा लॅपटॉप पुरतो. खरी अडचण पुढे येते. हे दोन प्रोग्रॅम एकमेकांशी बोलणार कसे?

ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक चालू प्रोग्रॅमला मेमरीचा स्वतंत्र हिस्सा देते आणि दुसऱ्याला त्यात डोकावू देत नाही. ही बंदी मोलाची आहे, कारण हिशोबाचा प्रोग्रॅम कोसळला तरी तो आपल्याबरोबर चित्राला घेऊन जात नाही. मात्र त्यामुळे माहिती थेट देता येत नाही, ती ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती सोपवावी लागते. १९६४ मध्ये बेल लॅब्जमधल्या डग मॅकिलरॉय यांनी एका टिपणात सुचवलं होतं की, बागेला पाणी घालायची नळी जशी तुकड्याला तुकडा लावून वाढवतात, तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता आले पाहिजेत. १९७३ मध्ये केन टॉम्पसन यांनी ती सोय युनिक्समध्ये आणली आणि तिचं नाव ‘पाइप’ पडलं. ठिबकच्या नळ्या बनवणाऱ्या जळगावात ही कल्पना लगेच पटावी.

आज या कामाला बहुतेक जण सॉकेट, म्हणजे संदेशांची ये-जा करण्याचं दार, वापरतात. १९८३ च्या बीएसडी युनिक्समधून ते सगळीकडे पसरलं. सॉकेटला पत्ता लागतो आणि १२७.०.०.१ हा पत्ता म्हणजे ‘हेच यंत्र’. त्यावर पाठवलेला संदेश लॅपटॉपच्या बाहेर पडतच नाही. इंटरनेट नसलं, वाय-फाय बंद असलं, तरी दोन प्रोग्रॅमचं बोलणं चालू राहतं. ऐकणाऱ्या प्रोग्रॅमने फक्त याच पत्त्यावर ऐकावं. यंत्राच्या सगळ्या पत्त्यांवर कान उघडे ठेवले, तर होस्टेलच्या वाय-फायवरचा कुणीही ‘व्हॉल्व्ह उघड’ म्हणू शकेल.

सॉकेटवर पाठवण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. यूडीपीमध्ये प्रत्येक संदेश सुटं पाकीट असतो. तो पोचेलच याची हमी नाही, पण पोचला तर अख्खा पोचतो. टीसीपीमध्ये जोडणी टिकून आहे तोवर काही गहाळ होत नाही आणि क्रमही बदलत नाही. म्हणून नवशिके टीसीपी घेतात आणि तिथेच एक खोच त्यांना अडवते. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर पिढ्यानपिढ्या चालत आलेली फड पद्धत आहे. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाणी सलग वाहतं. कुणाची पाळी कुठे संपली हे पाण्यावर लिहिलेलं नसतं, ते पाटकरी पाहतो. टीसीपीचा प्रवाह तसाच सलग असतो. तुम्ही दोन संदेश पाठवलेत तरी समोरच्याला एका वाचनात दीड मिळू शकतो आणि उरलेला अर्धा पुढच्या वाचनात. तेव्हा पाटकऱ्याचं काम प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच करावं लागतं. सोपा उपाय म्हणजे प्रत्येक संदेशाच्या आधी त्याची लांबी लिहायची.

ही लांबी कशात मोजायची? ‘ओलावा’ हा शब्द घ्या. डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात. युनिकोडच्या लेखी ती पाच चिन्हं आहेत: ओ, ल, काना, व, काना. यूटीएफ-८ मध्ये यातलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे सॉकेटवरून जातात पंधरा बाइट. पायथनला या शब्दाची लांबी विचारली तर तो पाच सांगतो. तोच आकडा पुढे लावून पाठवला, तर गेम इंजिन पाच बाइट वाचून थांबतं. ‘ओ’ पुरा मिळतो, ‘ल’ चे तीनपैकी दोनच बाइट येतात. उरलेले दहा बाइट पुढच्या संदेशाची सुरुवात समजले जातात आणि तिथून पुढचं सगळं घसरत जातं. इंग्रजी शब्दांवर चाचणी घेणाऱ्याला ही चूक कधी दिसतच नाही, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एक बाइट. मराठीत काम करणाऱ्याने आधी संदेशाचे बाइट करावेत आणि मग ते मोजावेत.

आकड्यांनाही असाच धोका असतो. मोठी संख्या एकाहून अधिक बाइटांत मावते आणि त्यांतला आधी कुठला लिहायचा याच्या दोन प्रथा आहेत. मे महिन्यातलं जळगावचं ४३ अंश तापमान दोन बाइटांत एका प्रथेने पाठवलं आणि दुसऱ्या प्रथेने वाचलं, तर पडद्यावर ११,००८ अंश उमटतात. इतकी मोठी चूक चटकन नजरेत भरते, हे तरी बरं.

वेळेची चूक मात्र दिसत नाही आणि माझ्या मते या विषयाचा गाभा तिथेच आहे. गेम इंजिन सेकंदाला ६० चित्रं काढतं. म्हणजे एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात हालचाल, सावल्या, रंग सगळं उरकायचं असतं. त्याच धाग्यावर (थ्रेडवर) इंजिन संदेशाची वाट पाहत बसलं आणि संदेश दोन सेकंदांनी आला, तर १२० चित्रं बुडतात आणि बाग गोठून जाते. म्हणून ऐकण्याचं काम वेगळ्या धाग्याला देतात. तो आलेले संदेश रांगेत ठेवतो आणि मुख्य धागा दर चित्राच्या सुरुवातीला रांगेतून उचलतो. वेगळ्या धाग्याने केळीच्या पानाला परस्पर हात लावायचा नसतो, युनिटीत तर तशी मनाईच आहे.

आता हिशोबाचा प्रोग्रॅम सेकंदाला १०० संदेश पाठवतोय आणि इंजिन दर चित्राला एकच उचलतंय, असं समजा. सेकंदाला ४० संदेश मागे राहतात. मिनिटाभराने रांगेत २,४०० संदेश साचलेले असतात आणि पडद्यावर दिसणारी ओल २४ सेकंदांपूर्वीची असते. चित्र मात्र जराही अडखळत नाही. म्हणून दर चित्राला अख्खी रांग उपसावी आणि शेवटचा आकडा तेवढा ठेवावा.

पण हा नियम सरसकट लावता येत नाही. ‘ओल ३१ टक्के’ ही स्थिती आहे. त्यातली जुनी खबर टाकली तरी बिघडत नाही, तिला यूडीपी पुरतं. ‘सात नंबरचा व्हॉल्व्ह उघड’ ही आज्ञा आहे. ती हरवून चालणार नाही. पोच आली नाही तर ती पुन्हा पाठवावी लागते, त्यामुळे तीच आज्ञा दोनदा पोचण्याची शक्यता राहते. म्हणून आज्ञा ‘व्हॉल्व्हची स्थिती उलट कर’ अशी कधीही लिहू नये. तशी दुसऱ्यांदा पोचली तर उघडलेला व्हॉल्व्ह बंद होईल. ‘उघड’ दोनदा पोचलं तरी व्हॉल्व्ह उघडाच राहतो.

हीच विभागणी मोठ्या प्रकल्पांतही दिसते. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये खुलं केलेलं एअरसिम हे सिम्युलेटर अनरिअलमध्ये आकाश आणि जमीन उभी करतं, आणि ड्रोन उडवायच्या आज्ञा वेगळा पायथन प्रोग्रॅम संदेशांतून देऊ शकतो. युनिटीच्या एमएल-एजंट्स या साधनसंचात शिकणारी बुद्धी इंजिनाबाहेर पायथनमध्ये असते.

बागेचं असं प्रारूप उद्या खऱ्या सेन्सरला जोडलं, तर माझा एक आग्रह आहे. हिशोबाचा प्रोग्रॅम मधेच बंद करून पाहा. संदेश थांबले तरी इंजिन चित्र काढतच राहतं, पानं हलत राहतात, ओलीचा शेवटचा आकडा ताजा असल्यासारखा झळकत राहतो. निसवलेल्या बागेला उन्हाळ्यात पाण्याचा ताण बसला तर घडाचं नुकसान होतं आणि पडद्यावर विसंबलेल्या माणसाला ते उशिरा कळतं. म्हणून प्रत्येक संदेशावर वेळ टाकावी आणि काही सेकंद नवा संदेश आला नाही, तर आकडा राखाडी करून तो कधीचा आहे ते शेजारी लिहावं. संपर्क तुटला तर व्हॉल्व्हने उघडं राहायचं की मिटायचं, हे शेतातल्या नियंत्रकाने स्वतः ठरवलेलं असावं. ते गेम इंजिनावर सोडू नये.