वायदा चाळीसगावचा

जळगावहून धुळ्यास जावयाचे म्हटले की आज मोटार महामार्गाला लागते. एरंडोल आणि पारोळा मागे टाकीत सुमारे ९० किलोमीटरचे अंतर दोनेक तासांत सरते. काम उरकून सूर्यास्तापूर्वी घर गाठता येते. व्यापारी माणसाला वेळेचे मोल ठाऊक असते, त्यामुळे यात वावगे काहीच नाही.

परंतु एखादा मोकळा दिवस हाताशी असेल, तर दुसरीही एक वाट आहे. मुंबईकडे जाणाऱ्या गाडीने चाळीसगावपर्यंत यावे आणि तेथून धुळ्याची गाडी धरावी. ही वाट लांबची, पण सोबतीची आहे. खिडकीबाहेर केळीच्या बागा आणि कपाशीची शेते सरकत असतात. पाचोरा येईतो समोरच्या प्रवाशाचे गाव, पेढी, मुलांची शिक्षणे आणि कपाशीचा भाव, सारे बोलून होते. डब्यातील खाखरे आणि ठेपले पुढे केले जातात. मग चाळीसगाव येते. मुंबईचा प्रवासी गाडीतच राहतो, धुळ्याचा उतरतो. “आमच्याकडे अवश्य या बरं का,” असे खिडकीतून सांगितले जाते. “येणार, नक्की येणार,” असे फलाटावरून उत्तर मिळते. गाडी हलते आणि बहुधा तो शब्दही तिच्याबरोबर निघून जातो.

याच चाळीसगावात अशा एका शब्दासाठी आयुष्यभर थांबलेला एक माणूस होऊन गेला. छायाचित्रकार केकी मूस यांचा जन्म १९१२ चा. पंजाब मेल सुरू झाली, तेही हेच वर्ष. इंग्लंडात कलेचे शिक्षण घेऊन हे पारशी गृहस्थ चाळीसगावी परतले आणि त्यानंतर घराबाहेर क्वचितच पडले. टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यांनी टिपलेल्या छायाचित्रांना देशोदेशीची पारितोषिके मिळाली. गावात असे सांगतात की, मुंबईहून निघताना त्यांच्या प्रेयसीने त्यांना वचन दिले होते, ‘एक दिवस मी येईन आणि तुझ्याबरोबर भोजन करीन.’ म्हणून रोज रात्री पंजाब मेलच्या वेळी घराचे दार उघडे राही, दिवे लागत आणि दोघांचे ताट मांडले जाई. ती आली नाही. ३१ डिसेंबर १९८९ रोजी मूस गेले. स्थानकाजवळचे त्यांचे घर आज कलादालन म्हणून पाहावयास मिळते. दोन गाड्यांच्या मधला वेळ तेथे सत्कारणी लागतो.

हुंडीला मुदत असते. ती भरली की देणे-घेणे मिटते. निरोपाच्या वेळी दिलेल्या शब्दावर मात्र तारीख नसते. देणारा तो सहज विसरतो, पण घेणाऱ्याने तो आपल्या खातेवहीत जमा धरलेला असू शकतो.

दुसरी गाडी सुमारे ५६ किलोमीटरच्या फाट्यावरून धुळ्याकडे निघते. हा लोहमार्ग १९०० सालचा. वाटेत गिरणा ओलांडली जाते, पुढे लळिंगचा किल्ला दिसू लागतो आणि पांझरेकाठचे धुळे जवळ येते. तोवर सकाळच्या सोबत्याचा चेहरा पुसट होऊ लागलेला असतो. तो पुसला जाण्यापूर्वी त्याचे नाव आणि गाव वहीत टिपून ठेवावे आणि घरी पोहोचताच खुशालीचा एक फोन करावा. येणे जमणार नसेल, तर तसे मोकळेपणाने सांगावे. कोणाचे दार आपल्यासाठी उगाच उघडे राहू नये.