उंची न दाखवणारे रडार

१२ नोव्हेंबर १९९६ च्या सायंकाळी हरियाणातील चरखी दादरीवर सौदी अरेबियाचे बोईंग ७४७ व कझाकस्तानचे इल्युशिन ७६ यांची टक्कर होऊन ३४९ जण मृत्युमुखी पडले. १५ हजार फुटांवर राहण्याची सूचना असताना कझाक विमान त्याखाली उतरले. न्यायमूर्ती लाहोटी आयोगाने त्या वैमानिकांना दोषी ठरवले, ते योग्यच. परंतु दिल्लीच्या रडारवर उंची दिसतच नव्हती. वैमानिक सांगेल ती खरी. येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना मार्गही एकच, कारण आसपासचे बहुतांश आकाश हवाई दलाकडे होते. मार्ग विभागले गेले, टक्करप्रतिबंधक यंत्रणा सक्तीची झाली, ती या दुर्घटनेनंतर. फायलींमध्ये आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला हा क्रम अपरिचित नाही.