भाषायंत्राची वीज व त्याची मालकी

पिकावरील रोग, औषधाचें प्रमाण, अर्जाचा मजकूर अशा गोष्टी मोबाइलवरील कृत्रिम बुद्धीस विचारणारे शेतकरी आतां पुष्कळ आढळतात. बी घेतांना आपण त्याचा उतारा व विकणारा या दोहोंची चौकशी करितों. त्याचप्रमाणें या भाषायंत्रास वीज किती लागते व त्याचा धनी कोण, हें आमच्या वाचकांनीं पाहणें अगत्याचें आहे.

हें यंत्र अपार मजकूर वाचून कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येतो हें शिकतें व शिकलेलें कोट्यवधि अंकांच्या रूपानें सांठवितें. त्याचा वीजखर्च दोन प्रकारचा होय. शिक्षणाचा खर्च विहीर खणण्यासारखा एकदांच होतो. उत्तरांचा खर्च मोटेसारखा रोज चालू राहतो.

सन २०२० मधील जीपीटी-३ या व्यापारी यंत्राच्या शिक्षणास सुमारें १२,८७,००० युनिटें वीज लागली असा संशोधकांचा अंदाज आहे. जवळजवळ तेवढेंच मोठें ब्लूम हें यंत्र सन २०२२ मध्यें अनेक देशांच्या संशोधकांनीं फ्रान्समधील सरकारी महासंगणकावर तयार केलें. त्यास सुमारें ४,३३,००० युनिटें लागलीं. अधिक काटकसरी संगणक हें या बचतीचें एक कारण होय. तरीहि पांच अश्वशक्तीचा पंप रोज आठ तास चालविल्यास ही वीज सुमारें चाळीस वर्षें पुरेल. ब्लूम शिकलेल्या ४६ भाषांत मराठीहि आहे, व तें कोणासहि उतरवून घेतां येतें.

सन २०२५ मध्यें स्वित्झर्लंडमधील सरकारी विद्यापीठांनीं अपर्टस हें यंत्र कृतीसह खुलें केलें. त्याच्या लहान रूपांत ८ अब्ज अंक आहेत. प्रत्येक अंकास १६ बिट दिल्यास १६ गिगाबाइट जागा लागते. ४ बिटांवर आणल्यास ४ पुरतात. अचूकपणा किंचित् घटतो, परंतु यंत्र साध्या संगणकावर चालतें व वीजहि थोडी लागते.

परक्याच्या यंत्राचा दर व भाषा उद्यां धनी ठरवील. खुलें यंत्र मात्र संस्थेच्या कचेरींत राहूं शकतें. तें फुकट मिळालें तरी चालविण्यास पैसा लागतो, आणि तें चुकतेंहि. म्हणून औषधाचें प्रमाण जाणत्यास विचारूनच ठरवावें. आमची सूचना इतकीच कीं, सभासदांनीं आपल्या पिकांच्या नोंदी आजपासून मराठींत लिहून ठेवाव्या. यंत्र कोणाचेंहि असो, बियाण्यावांचून पीक येत नाहीं.