दोन पानांचं दुःख

मे 1939 मध्ये अमेरिकेतल्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या 27व्या अंकात बॅटमॅन पहिल्यांदा आला, तेव्हा त्याला भूतकाळ नव्हता. एक श्रीमंत, निवांत तरुण रात्री मुखवटा चढवून गुन्हेगारांच्या मागे लागतो, एवढंच वाचकांना ठाऊक होतं. तो असं का करतो याचं उत्तर नोव्हेंबरच्या 33व्या अंकात आलं आणि त्यासाठी जागा मिळाली फक्त दोन पानांची. सिनेमा पाहून घरी निघालेलं जोडपं, सोबत लहान मुलगा, पिस्तूल रोखून आईच्या गळ्यातला हार मागणारा लुटारू, मध्ये पडलेला बाप आणि गोळ्या. हे लेखन बिल फिंगरचं मानलं जातं. बॅटमॅनचा निर्माता म्हणून नाव लागत राहिलं ते चित्रकार बॉब केनचं. फिंगर 1974 मध्ये गेला आणि त्याला अधिकृत श्रेय मिळायला 2015 उजाडलं. त्याच्या त्या दोन पानांवर मात्र आजवर किती चित्रकारांनी आणि दिग्दर्शकांनी हात चालवला याला गणती नाही. काल्पनिक माणसासाठी दुःखद पूर्वायुष्य रचणं हे आज जगभर चाललेलं काम आहे. कादंबरीकार ते करतात, मालिकांचे लेखक करतात आणि वहीत स्वतःची पात्रं रेखाटणारी शाळकरी मुलंही करतात. या कामाची पारख करायची तर या दोन पानांइतकी चांगली जागा मला दुसरी दिसत नाही.

ती पानं निरखून पाहिली तर लक्षात येतं, की खून पहिल्याच पानावर, मोजक्या चौकटींत आटोपतो. उरलेली जागा फिंगरने मुलाच्या उद्योगाला दिली आहे. मुलगा मेणबत्तीच्या उजेडात शपथ घेतो. वर्षं जातात. तो शास्त्राचा अभ्यास करतो, शरीर कमावतो आणि वेश कोणता घ्यावा याचा विचार करत बसतो, तेवढ्यात खिडकीतून वटवाघूळ आत येतं. आईबाप मेले म्हणून कुणी बॅटमॅन होत नाही. अनाथ मुलं जगात अगणित आहेत, त्यांतली बहुतेक मोठी होऊन चारचौघांसारखी नोकरी-धंदा करतात. हा मुलगा त्या रात्रीचं काय करतो, यात तो वेगळा आहे. पूर्वकथा रचणाऱ्याकडून मला एवढंच मागायचं आहे: पात्राला काय झालं हे ठरवायला दहा मिनिटं पुरतात, त्या घटनेपायी ते आज कोणती गोष्ट चुकीची, विचित्र किंवा हट्टाने करतं हे शोधायला महिना लागला तरी तो द्यावा.

प्रत्यक्षात पहिल्या भागालाच सगळा वेळ जातो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा 1974 मध्ये सुरू झालेला खेळ खेळणारे आपापलं पात्र घेऊन टेबलाशी बसतात. त्या पात्रांत अनाथांचा भरणा किती असतो, हे खेळ चालवणाऱ्या कुणालाही विचारावं. याच खेळासाठी 2017 मध्ये निघालेल्या ‘झॅनाथर्स गाइड टू एव्हरीथिंग’ या पुस्तकात तर आईवडील, भावंडं, बालपणीचं घर आणि आयुष्यातले बरेवाईट प्रसंग फासा टाकून ठरवायचे तक्तेच दिले आहेत. तक्ते वाईट नाहीत, सुचायला मदत करतात. पण गाव जळालं, आईबाप मेले, मित्राने दगा दिला, अशी थप्पी लावली की पात्र वजनदार झालं असं वाटू लागतं आणि टेबलाशी बसल्यावर त्यातलं काहीच वापरता येत नाही. मेलेल्या आईला भेटायला जाता येत नाही, तिच्याशी भांडताही येत नाही. जिवंत, आजारी, कर्जबाजारी, रागावून बोलणं टाकलेली आई पात्राला कितीतरी जास्त छळते. अनाथ पात्रांच्या या गर्दीमागे मला दुःखाच्या ओढीपेक्षा गुंतायची भीती जास्त दिसते. कुटुंब मारून टाकलं की पात्र मोकळं होतं.

हे काम जवळून कसं चालतं ते पाहण्यासाठी एक पात्र घेऊ. समजा, मराठवाड्यातल्या एखाद्या आगारातली एसटीची कंडक्टर आहे. तिच्या वडिलांनी कर्जापायी आत्महत्या केली, असं लेखक वहीत लिहितो. बहुतेकांचा हात इथे थांबतो, कारण वाक्य जड आहे आणि काहीतरी मोठं लिहिल्याचं समाधान देतं. तिच्याविषयी मात्र आपल्याला अजून काहीच कळलेलं नाही. पुढे विचारायचं ते असं, की त्यानंतर त्या घरात काय काय झालं? महाराष्ट्रात शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात एक लाखाची सरकारी मदत मिळायची, तर जिल्ह्याच्या समितीने ते प्रकरण ‘पात्र’ ठरवावं लागतं. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असल्याचे कागद लागतात. या माणसाने पैसे घेतले होते गावातल्या बिनपरवाना सावकाराकडून, तोंडी. प्रकरण ‘अपात्र’ ठरलं. तेव्हा बारा वर्षांची असलेली मुलगी आईबरोबर तहसीलच्या व्हरांड्यात तासन् तास बसली आणि कागद नसला की माणसाच्या मरणालाही कुणी मोजत नाही, हे शिकून परतली. आता कंडक्टर दिसू लागते. तिच्या हिशेबात एक रुपयाची गफलत सापडत नाही. विजेच्या बिलापासून औषधांच्या पावतीपर्यंत सगळं ती प्लॅस्टिकच्या पिशवीत तारखेवार लावून ठेवते. पंच्याहत्तरी पूर्ण केलेल्यांना 2022पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, पण वयाचा पुरावा दाखवावा लागतो. एक म्हातारा आधार कार्ड घरी विसरून गाडीत चढतो. त्याच्याकडे पाहिलं की वय कळतं, खिशात तिकिटाचे पैसे नाहीत. ती घंटी मारते आणि त्याला भर उन्हात फाट्यावर उतरवते. ज्या कागदाने तिच्या बापाला नाकारलं, त्याच कागदाच्या बाजूने ती उभी राहिली आहे आणि तिला ते कळलेलं नाही. इथे पूर्वकथेचं चीज झालं. कथेत वडिलांचा उल्लेख शेवटपर्यंत आला नाही तरी ते त्या फाट्यावर हजर असतात. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अंतू बर्वा’ या व्यक्तिचित्रात बायको गेल्याचं दुःख असंच दारच्या आंब्याबद्दलच्या एका बोलण्यात मावून जातं. बाकी सगळा तिरकसपणा.

सलीम-जावेद यांना हे गणित पक्कं ठाऊक होतं. 1975च्या ‘दीवार’मध्ये विजयचा बाप कामगारांचा पुढारी असतो. मालक त्याचं कुटुंब ओलीस धरतो आणि त्याच्याकडून कामगारांच्या विरोधातल्या कागदावर सही घेतो. बाप परागंदा होतो आणि लोक मुलाच्या हातावर बाप चोर असल्याचं गोंदवतात. दुःख इथे कातडीवर आणून ठेवलंय, ते सांगायला वेगळा प्रसंग लागत नाही. बूटपॉलिश करणारा हा मुलगा फेकलेले पैसे उचलत नाही आणि मोठा झाल्यावरही फेकलेला पैसा उचलत नाही. मला सर्वांत भेदक वाटतो तो पुढचा प्रसंग. पोलीस झालेला भाऊ विजयकडे कबुलीजबाबावर सही मागतो, तेव्हा विजय आधी इतरांच्या सह्या आणायला सांगतो. त्यात बापाकडून सही घेणारा आहे आणि त्याच्या हातावर गोंदवणाराही. ज्या घराचा नाश एका सहीने झाला, त्या घरातला मुलगा सहीपाशीच अडतो. दर्दभरी पूर्वकथा म्हणजे हिंदी सिनेमाची स्वस्त युक्ती, असं म्हणणाऱ्यांनी हा धागा पुन्हा एकदा तपासावा.

आता एक गंभीर आक्षेप. कारण न सांगता पात्र समजेल कसं? आणि माणूस घडतो तो आघातांनीच, हे नाकारणं म्हणजे पीडितांवर अन्याय नाही का? पहिल्या प्रश्नाला शेक्सपिअरने कृतीतून उत्तर दिलेलं आहे. ‘ऑथेल्लो’ ज्या इटालियन कथेवर बेतलं, त्या सिंथिओच्या कथेत खलनायकाचा हेतू स्वच्छ आहे: त्याचं डेस्डेमोनावर प्रेम आहे आणि ती त्याला दाद देत नाही. शेक्सपिअरने तो हेतू जवळजवळ पुसून टाकला आणि इयागोला शेवटी गप्प राहू दिलं. जुन्या ‘लीअर’ नाटकात राजा मुलींच्या प्रेमाची परीक्षा घेतो ती धाकटीला लग्नाच्या पेचात पकडण्यासाठी. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये हे कारणच उरलेलं नाही. हाताशी असलेलं कारण त्याने काढलं आणि दोन्ही माणसं चारशे वर्षं आपल्याला सोडत नाहीत. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. आघात माणसाला घडवतो, हे खरंच. पण एकाच आघातातून गेलेली दोन भावंडंही सारखी होत नाहीत. त्या फरकाची जबाबदारी लेखकाने झटकली, की पीडित माणूस जखमेपुरता उरतो, आणि त्याच्यावरचा खरा अन्याय तो. ॲलन मूरच्या ‘द किलिंग जोक’ या बॅटमॅनच्या चित्रकथेत (1988) खलनायक जोकरचा दावा हाच आहे, की एक वाईट दिवस कुणालाही वेडं करायला पुरतो. मूरने हा सिद्धांत खलनायकाच्या तोंडी घातला आणि कथेत तो खोटा पाडला: ज्या पोलीस कमिशनर गॉर्डनवर हा प्रयोग होतो, तो कोसळत नाही. स्वतःच्या भूतकाळाबद्दल तर जोकरलाच खात्री नाही.

मॅग्नेटोचं उदाहरण मला या सगळ्यांहून महत्त्वाचं वाटतं. 1963 मध्ये ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकात तो आला तो जग जिंकायला निघालेला सरधोपट खलनायक म्हणून, आणि पुढची 18 वर्षं साधारण तसाच राहिला. 1981 मध्ये 150व्या अंकात ख्रिस क्लेअरमाँटने त्याला ऑश्विट्झमधून वाचलेला माणूस केलं. खऱ्या नरसंहाराची उसनवारी करून चित्रकथेतल्या पात्राला खोली आणणं हे धोक्याचं काम आहे. लाखोंचं मरण तिथे सजावटीला वापरलं जाऊ शकतं. क्लेअरमाँटने ते तसं होऊ दिलं नाही, कारण ती आठवण कुठे उघड करायची हे त्याने फार नेमकं निवडलं. लढाईच्या धुमश्चक्रीत मॅग्नेटोच्या हातून किटी प्राइड ही पोरसवदा मुलगी मेल्यासारखी कोसळते. किटी ज्यू आहे. आपल्या लोकांना मारणाऱ्यांच्या जागी आपण येऊन उभे राहिलो, हे त्याला तिथे दिसतं आणि तो लढाई टाकतो. ऑश्विट्झ त्याच्या क्रौर्याची सबब म्हणून येत नाही. ते त्याच्यावरचा आरोप म्हणून येतं, आणि मालिकेतल्या त्याच्या पुढच्या वाटचालीला वळण देतं.

वहीत पात्रं रचणाऱ्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना हे नियम लावू नयेत, असंही कुणी म्हणेल. ती मुलं कलाकृती घडवत नसतात, स्वतःला न पेलणारं काहीतरी दुसऱ्याच्या नावावर ठेवून पाहत असतात. हे मला पूर्ण मान्य आहे. त्या वह्यांतल्या जळालेल्या गावांची थट्टा करणाऱ्यांचा मला राग येतो. पण नेमकं अशा मुलांनाच सांगावंसं वाटतं, की पात्राला जखम दिलीत तर हाताला कामही द्या. ‘द किलिंग जोक’मध्ये जोकर कमिशनर गॉर्डनच्या मुलीला, बार्बराला गोळी घालतो आणि तिचे पाय निकामी होतात. त्या पुस्तकात हे दुःख तिचं नाहीच, ते तिच्या बापाची आणि बॅटमॅनची परीक्षा घ्यायला वापरलंय, आणि त्या पुस्तकाचा हा मोठा दोष आहे. किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या लेखकांना तिला असं सोडून देणं पटलं नाही. त्यांनी बार्बराला पुन्हा उभं न करता व्हीलचेअरवर ठेवलं आणि संगणकापुढे बसवलं. जानेवारी 1989च्या ‘सुइसाइड स्क्वॉड’मध्ये ‘ओरॅकल’ या नावाने कुणीतरी पडद्यावरून माहिती पुरवू लागलं. ती बार्बरा आहे हे वाचकांना कळायला आणखी वर्षभर लागलं, तोवर तिचं काम रीतसर सुरू झालेलं होतं.