कंपाला शहराचा पाडाव

राजधानी घ्यावयाची म्हणजे तिच्या चारी वाटा रोखावयाच्या, अशी आपली किल्ल्यांच्या हकीकती वाचून झालेली समजूत असते. परंतु ११ एप्रिल १९७९ रोजीं युगांडाची राजधानी कंपाला पडली, तेव्हां चाल करून आलेल्या टांझानियाच्या सैन्यानें पूर्वेकडील जिंजाचा रस्ता जाणूनबुजून मोकळा ठेविला होता. असें कां केलें, हें समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे.

ईदी अमीन ह्या सेनाधिकाऱ्यानें जानेवारी १९७१ मध्यें मिल्टन ओबोटे ह्यांची सत्ता बळकाविली. पुढच्याच वर्षीं आशियाई रहिवाशांना ९० दिवसांत देश सोडण्याचें फर्मान निघालें. त्यांत गुजराती व्यापारी पुष्कळ. सरकारी कचेऱ्यांतील गोमंतकीय कारकूनहि होते. मात्र सर्वांत अधिक रक्त सांडलें तें खुद्द युगांडाच्या प्रजेचें.

ऑक्टोबर १९७८ मध्यें अमीनची फौज टांझानियाच्या कागेरा मुलखांत घुसली. तेथील अध्यक्ष ज्यूलियस न्येरेरे हे मूळचे शाळामास्तर, म्हणजे आमच्याच पेशाचे. लोक त्यांना ‘म्वालिमू’, अर्थात् गुरुजी म्हणत. शेजाऱ्याच्या कारभारांत हात घालूं नये, हा आफ्रिकी ऐक्य संघटनेचा दंडक. तरीहि शत्रूस सरहद्दीबाहेर घालवून ते थांबले नाहींत. माझ्या मतें त्यांचें करणें योग्यच होतें. अमीन गादीवर असेपर्यंत सीमा सुरक्षित कशी राहावी?

अमीनचे शिपाई हटत गेले. त्याच्या मदतीस लिबियाच्या गद्दाफींनीं धाडलेलें सैन्य मात्र मध्यें उभें होतें. त्यास कंपालांत कोंडलें असतें, तर तें गल्लोगल्लीं झुंजलें असतें आणि मेली असती ती रयत. शिवाय अरब राष्ट्रांशीं वितुष्ट न्येरेरे ह्यांना नको होतें. म्हणून तो रस्ता खुला! लिबियाचे सैनिक त्या वाटेनें निघून गेले आणि शहर फारशा लढाईवांचून हातीं आलें. लुटालूट मात्र पुष्कळ झाली.

राज्य चालविणें त्याहून कठीण ठरलें. १३ एप्रिलला शपथ घेतलेले युसुफ लुले ६८ दिवसांत पदच्युत झाले. डिसेंबर १९८० च्या निवडणुकीनंतर ओबोटे परतले, यादवी पेटली, आणि जानेवारी १९८६ मध्यें मुसेवेनींच्या बंडखोर सेनेनें पुन्हां तेंच कंपाला जिंकलें. अमीन प्रथम लिबियांत व पुढें सौदी अरबस्तानांत आश्रयास राहिला. १६ ऑगस्ट २००३ रोजीं जिद्दा येथें तो वारला. त्याच्यावर खटला कधींच चालला नाहीं.