घरकर्जाची जादा फेड : आधी हिशोब, मग रक्कम

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी असो की मुंबईचे मंगळदास मार्केट, कापडाच्या धंद्यातल्या पुष्कळ कुटुंबांनी कर्ज काढून घर घेतले आहे. व्याजाचे कर्ज घ्यावे की घेऊ नये, हा उलेमांचा विषय आहे. त्यावर आम्ही येथे लिहिणार नाही. ज्यांच्या डोक्यावर हे कर्ज आज आहे, त्यांनी त्यातून लवकर मोकळे कसे व्हावे आणि मोकळे होण्याच्या घाईत दुकान अडचणीत कसे येऊ देऊ नये, एवढाच विचार येथे करू.

बहुतेक कर्जदार हप्ता वेळेवर भरतात, पण त्या हप्त्यात व्याज किती आणि मुद्दल किती, हे पाहत नाहीत. समजा, २५ लाखांचे कर्ज आहे, दर ९ टक्के आणि मुदत २० वर्षे. हप्ता येतो सुमारे २२,४९३ रुपये. पहिल्या हप्त्यात व्याजाचे १८,७५० रुपये जातात आणि मुद्दल फिटते फक्त ३,७४३ रुपये. दहा वर्षांत आपण जवळपास २७ लाख रुपये भरतो, तरी १७ लाख ७५ हजार बाकी दिसते. निम्मी मुदत संपली म्हणून निम्मे कर्ज संपले, हा समज चुकीचा आहे.

हा हिशोब पूर्वी चार्टर्ड अकाउंटंटकडून करून घ्यावा लागे. आज बँकांच्या वेबसाइटवर व मोबाइलवर कॅलक्युलेटर फुकट मिळतात. त्यात बाकी रक्कम, व्याजदर, उरलेले महिने आणि आपण जादा भरणार ती रक्कम, एवढे आकडे टाकायचे. मात्र मूळ कर्जाची रक्कम टाकू नये, आजची बाकी टाकावी. आजचा दर व उरलेली मुदतही बँकेच्या ताज्या स्टेटमेंटवरूनच घ्यावी. आकडा जुना असेल तर उत्तरही खोटे येते.

वरच्याच कर्जात पहिल्या महिन्यापासून दरमहा २,५०० रुपये जादा भरले, तर कर्ज २० वर्षांऐवजी साडेपंधरा वर्षांत संपते आणि व्याजाचे सुमारे साडेसात लाख रुपये वाचतात. दुसरे उदाहरण एकरकमी फेडीचे. पहिले वर्ष संपताच १ लाख रुपये भरले तर पुढचे सुमारे ४ लाख ६ हजार रुपये व्याज वाचते. तोच १ लाख दहाव्या वर्षाच्या शेवटी भरला तर वाचतात सुमारे १ लाख ३६ हजार. रक्कम एकच, पण लवकर भरण्याचा फायदा जवळजवळ तिप्पट.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वरचे सारे आकडे हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली, असे धरून आहेत. बँकेने मुदत तीच ठेवून हप्ता कमी केला, तर पहिल्या वर्षी भरलेल्या त्या १ लाखावर ४ लाखांऐवजी फक्त १ लाख ९ हजार वाचतात. हप्ता सुमारे ९०० रुपयांनी उतरतो, माणूस खूश होतो आणि मोठा फायदा हातचा जातो. म्हणून जादा रक्कम भरताना लेखी अर्ज द्यावा : ‘हप्ता कायम ठेवून मुदत कमी करावी.’ नंतर हप्त्यांचा नवा तक्ता मागून घ्यावा आणि शेवटच्या हप्त्याची तारीख आपल्या हिशोबाशी ताडून पाहावी.

कायद्याची बाजूही माहीत असावी. फ्लोटिंग दराच्या घरकर्जावर मुदतीआधी फेड केल्याचा दंड घेऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१२ साली बँकांना बजावले. फिक्स्ड दराचे कर्ज असेल तर करारनामा वाचावा, तेथे दंड असू शकतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. तेव्हा अनेकांचा हप्ता तोच राहिला, पण मुदत गुपचूप लांबली. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले की दर बदलताना हप्ता वाढवावा, मुदत वाढवावी की काही रक्कम आधी भरावी, हे निवडण्याची मुभा कर्जदाराला द्यावी. कॅलक्युलेटर दर कायम धरूनच उत्तर देतो. म्हणून दर बदलला की हिशोब पुन्हा करावा.

पण कॅलक्युलेटरला फक्त व्याज कळते, बाजार कळत नाही. रमजान ईद, लग्नसराई, दिवाळी झाली की व्यापाऱ्याच्या खात्यात मोठी रक्कम दिसते. ती सगळी आपली नसते. त्यात यंत्रमागवाल्याचे पेमेंट असते, प्रोसेस हाऊसचे बिल असते, दलाली असते, जीएसटी असतो. गिऱ्हाइकाकडची उधारी साठ दिवसांची म्हणून दिलेली चार महिन्यांनी येते. अशी रक्कम घरकर्जात टाकली आणि पुढच्या महिन्यात माल भरायला पैसा नसला, तर तोच व्यापारी जास्त दराने उसने शोधू लागतो. साध्या कर्जात भरलेला पैसा बँक मागितल्यावर परत देत नाही. त्यासाठी नवे कर्ज, नवी कागदपत्रे लागतात. काही बँकांकडे ओव्हरड्राफ्ट पद्धतीचे घरकर्ज असते, त्यात जादा जमा केलेली रक्कम गरजेला काढता येते. दर थोडा जास्त असू शकतो, पण व्यापाऱ्याने चौकशी जरूर करावी.

म्हणून आमच्या मते क्रम असा ठेवावा. प्रथम सहा महिन्यांचा घरखर्च व हप्ते भागतील एवढी रोकड बाजूला काढावी. मग क्रेडिट कार्ड, पर्सनल लोन यांसारखी महागडी देणी संपवावीत. पार्ट्यांची देणी चुकती करावीत. यानंतर जे उरेल तीच खरी बचत, आणि तीच घरकर्जात भरावी. जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते, नव्या पद्धतीत मिळत नाही. तेव्हा आपण कोणत्या पद्धतीत आहोत हेही पाहावे. मात्र निव्वळ कर वाचवण्यासाठी व्याज भरत राहणे शहाणपणाचे नाही. एक रुपया व्याज भरून तीस पैसे कर वाचला, तरी सत्तर पैसे गेलेच.

ज्यांचे उत्पन्न सीझनवर चालते त्यांनी दरमहा थोडी, पण झेपेल अशी जादा रक्कम ठरवावी आणि वर्षातून एकदा, मार्चअखेरीस पक्का ताळेबंद झाल्यावर, एकरकमी भर घालावी. हा बेत घरात बायको-मुलांनाही सांगावा, कारण हप्ता साऱ्या घराच्या कमाईतून जातो. शेवटचा हप्ता फिटला की घराची मूळ कागदपत्रे व ‘बाकी नाही’ असा दाखला बँकेकडून ताब्यात घ्यावा. तोवर कर्ज संपले असे समजू नये.